मधल्या टायमाचं काय?

"मी तिकडे पाहून राहिलो. तू इकडून जाऊन घे."

असं म्हणत मामा उजव्या हाताने काचेचं दार ओढून धरायचे, आलेल्या पोराकडे पाठ करायचे आणि समोरच्या पानठेल्याकडे असे निरखून पाहायचे, की तिथे पानाला चुना कसा लावतात हे त्यांना आजच शिकायचंय. पोरगा थोडा घुटमळायचा. मग इकडेतिकडे बघून, डोक्यावरचं हेल्मेट न काढताच, मान खाली घालून आत शिरायचा. दार बंद झालं की मामा पुन्हा सरळ व्हायचे आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने रस्त्याकडे बघत उभे राहायचे.

मामा आमच्या स्पाचे गार्ड होते. आमचा म्हणजे दीदींचा. त्या मालकीण, मी काउंटरवर बसणारी. नागपुरात मानेवाडा रोडला एका इमारतीच्या तळमजल्यावर आमची जागा. एका अंगाला मेडिकल, दुसऱ्या अंगाला चष्म्याचं दुकान. दीदींनी फक्त पुरुषांसाठी स्पा काढायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. बायका येतील, पोरं कशाला येतील? दीदी म्हणाल्या, "पोरांनाही पाठ असते." पाठ होती हे खरं, पण ती घेऊन आमच्या दारापर्यंत यायची बहुतेकांची हिंमत नव्हती.

तुम्हीही कधी रस्त्याच्या कडेला उभं राहून हा तमाशा पाहिला असेल. पोरगा गाडीवरून येतो, स्पासमोर वेग कमी करतो आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखा पुढे निघून जातो. थोड्या वेळाने उलट्या बाजूने येतो. मग मेडिकलसमोर गाडी लावून खोकल्याच्या गोळ्या घेतो. त्याही पुढची पायरी म्हणजे चष्म्याच्या दुकानात शिरून, डोळे ठणठणीत असताना, फ्रेमा लावून बघतो. आमच्यामुळे त्या दोघांचा धंदा मस्त चालायचा. मेडिकलवाले भाऊ एकदा मला म्हणाले, "तुमचे गिऱ्हाईक पाहा मॅडम, गोळ्या घेऊन घेऊन जाऊन राहिले. मोहल्ल्यात कोणाले खोकलाच नाही राहिला."

यातून जो पार पडायचा, तो मामांपाशी येऊन एकच वाक्य बोलायचा. "हे... मित्रासाठी विचारून राहिलो."

सगळ्यांनाच मित्र असायचा. मित्राची पाठ दुखत असायची, मित्राचं लग्न ठरलेलं असायचं, मित्राच्या चेहऱ्यावर पुरळ आलेलं असायचं. मामा कधी हसले नाहीत. उलट मित्राची फार आस्थेने चौकशी करायचे.

"हाव हाव. मित्र उंचीनं केवढा आहे? तुझ्यायेवढा? मंग तूच पाहून ये ना गा आत. त्याले सांगजो कसं वाटते ते."

आणि दार उघडायचं, पाठ फिरायची, नजर पानठेल्यावर जायची.

माझं काम खरं तर हसून स्वागत करायचं. पण माझं हसू पाहून निम्मी पोरं दारातूनच परत फिरतात हे मामांनी पहिल्याच महिन्यात हेरलं होतं. एक दिवस ते काउंटरपाशी आले आणि फार संकोचाने म्हणाले, "मॅडम, वाईट नका वाटून घेऊ. पोरगा आला की तुम्ही थोडं कम्प्युटरमध्ये पाहत जा. त्याले खुर्ची भेटू द्या. बसला की मंग हसा." मी आधी फुगले. नंतर करून पाहिलं. खुर्चीवर बसलेला पोरगा माझ्या हसण्याला खरंच घाबरत नाही.

मामांची एक ठरलेली थिअरी होती. कोणी फारच आढेवेढे घेऊ लागला, 'हे बायकांचं काम आहे' वगैरे म्हणू लागला, की ती बाहेर निघायची.

"हे पाहा गा. माणसाच्या अंगाले मायेचा हात लागते तीनदा. जलमला की दाई चोळते. लग्नात हळद लागते. अन् गेला की चार जण आंघोळ घालतात. मधल्या टायमाचं काय?"

कोणी हुशार पोरगा म्हणायचा, "अन् दिवाळी? दिवाळीले माय तेल लावते ना."

"लावते ना. 'चाल ऊठ, पाणी थंडं होऊन राहिलं' म्हणत लावते. त्याले तेल म्हणतात का? त्याले घाई म्हणतात." मग आवाज खाली आणून पुन्हा विचारायचे, "मधल्या टायमाचं काय?"

यावर भल्याभल्यांकडे उत्तर नसायचं. मामांकडेही नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

कारण गंमत अशी होती, की हजार पोरांना आत ढकलणारा हा माणूस स्वतः काउंटरच्या पुढे कधी गेलाच नव्हता. दीदींनी नियमच केला होता, की स्टाफमधल्या प्रत्येकाला महिन्यातून एकदा मसाज फुकट. मी तर तारखेची वाट बघायची; मला दीदी स्वतः करून द्यायच्या. मामांची पाळी आली की त्यांना कुठलं तरी काम निघायचं. पंपाची मोटर बघायची असायची, नाहीतर पार्किंगमध्ये कोणी गाडी आडवी लावलेली असायची. फारच आग्रह केला तर म्हणायचे, "माझं काय काम आत? आतला माणूस वेगळा, दारातला वेगळा."

आणि तो शर्ट. मे महिन्यात, जेव्हा नागपुरातली कुत्रीसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाहीत, तेव्हा मामा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणं लावून, गळ्याचंही बटण लावून उभे असायचे. दीदींनी सगळ्यांसाठी अर्ध्या बाह्यांचे निळे टी-शर्ट आणले होते. मामांनी त्यांचा घडीसकट परत दिला. "मले पूर्ण बाहीच बरी वाटते. सवय आहे." तो टी-शर्ट मी माझ्या खणात टाकून दिला.

आता पांढऱ्या चादरीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बदलली नसती तर आमचा स्पा बंदच पडला असता.

सुरुवातीला आमच्या आतल्या खोल्या अगदी मोठ्या हॉटेलात असतात तशा होत्या. टेबलावर पांढरीशुभ्र चादर, अंगावर पांढरीशुभ्र चादर, डोळ्यांवर गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस. एका दुपारी दोन मित्र आले. एक आत गेला, दुसरा बाहेर बसला. मसाज करणारा आमचा रोशन, भंडाऱ्याचा पोरगा, हाताने फार हळुवार; त्याने पहिल्याला पाच मिनिटांत झोपवलं आणि तेल गरम करायला बाहेर आला. तेवढ्यात लाईट गेली. सुगंधाचं मशीन बंद पडलं. खोलीत कोंदट वास नको म्हणून मामांनी मोठ्या मनाने दाराशी उदबत्तीचा एक जुडगा पेटवून ठेवला आणि ते पुन्हा बाहेर जाऊन उभे राहिले.

बाहेर बसलेल्या मित्राला कंटाळा आला असावा. त्याने दार लोटून आत डोकावलं. अंधार, उदबत्तीचा धूर, पांढरी चादर गळ्यापर्यंत, डोळ्यांवर कापूस, पाय जुळवलेले. तो जो ओरडला, तो मेडिकलपर्यंत ऐकू गेला. त्याच्या ओरडण्याने टेबलावरचा उठून बसला. उठून बसलेला पाहून हा आणखी जोरात ओरडला. त्याचं ओरडणं ऐकून तोही ओरडायला लागला. दोघं चादरीत आणि बुटांत अडकत बाहेर पळाले. एकाच्या भुवईला कापूस चिकटलेला होता आणि मी, देवाशपथ सांगते, काउंटरखाली बसून हसत होते.

मामा मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "माझ्या उदबत्तीनं केलं हे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते मोठं गाठोडं घेऊन आले. मामा मूळचे उमरेडच्या विणकर घरातले. त्यांच्या घरचा माग कधीच बंद झाला होता, पण ओळखीच्या एका घरी अजून खटखट चालू होती. तिथून त्यांनी चौकड्याच्या चादरी आणल्या होत्या. लाल-हिरव्या, जांभळ्या-पिवळ्या, डोळ्यांत भरणाऱ्या. दीदींनी कपाळाला हात लावला. त्यांचा सगळा थाट त्या चादरींनी पार बिघडवला. पण गिऱ्हाईक आलं, झोपलं, आणि जिवंत परत गेलं. तेव्हापासून आमच्याकडे पांढरी चादर नाही.

याच दिवसांत प्रफुल आला.

प्रफुल सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीवर डंपर चालवायचा. त्याचं लग्न ठरलं होतं आणि बहिणीने त्याला 'तोंडाचं काही तरी कर' म्हणून पाठवलं होतं. तो किती तरी दिवस आमच्यासमोरून नुसता येत-जात होता. कधी हेल्मेट घालून, कधी तोंडाला दुपट्टा बांधून. दर वेळी दुपट्टा वेगळा. शेवटी मामाच रस्त्यावर जाऊन त्याच्या गाडीसमोर उभे राहिले.

"दुपट्टा बदलला गा, पण बूट तोच आहे."

प्रफुलने दुपट्टा सोडला. 'मित्रासाठी' म्हणायचीही त्याला सोय उरली नव्हती. दोघं तिथेच चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू येत होतं.

"लोकं काय म्हणतीन मामा?" प्रफुल म्हणाला. "स्पा म्हटलं की लोकं वेगळंच समजतात. पेपरात काय काय येते."

"आत रोशन आहे. तुझ्यायेवढाच पोरगा. अन् दार मी सांभाळून राहिलो. खरी गोष्ट सांग."

बराच वेळ प्रफुल गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "माझ्या अंगातून कोयसा निघते. कितीही घासा, जात नाही. ते टेबल काळं होईन, टॉवेल काळा होईन. आतले लोकं काय म्हणतीन, असा कसा माणूस आहे?"

"टॉवेल धुवाले मशीन आहे," मामा म्हणाले. "तुले धुवाले कोण आहे?"

आणि उठून त्यांनी दार धरलं, पाठ फिरवली. "मी तिकडे पाहून राहिलो."

मी तेव्हाच समजले की पोरं तोंडाने लोकांचं नाव घेतात, पण लाज त्यांना स्वतःच्या अंगाची असते. कोणाला पोट सुटलेलं, कोणाच्या पाठीवर मुरुमांचे डाग, कोणी काडीसारखा बारीक, कोणाच्या अंगातून कोळसा निघतो. लोकांशी भांडता येतं. अंगाशी कसं भांडणार?

प्रफुल बाहेर आला तेव्हा खुर्चीवर बसूनच राहिला. त्याचा चेहरा उजळला होता की नाही कोण जाणे, पण खांदे खाली आले होते. आतापर्यंत ते कानाला टेकलेले होते, हे मला तेव्हा दिसलं. "मामा," तो म्हणाला, "डंपरवर एवढे वर्षं बसलो, पण मले पाठ आहे हे आज समजलं." मामा एवढे खूश झाले की त्यांनी त्याला पानठेल्यावर नेऊन गुलकंदाचं पान खाऊ घातलं.

त्यानंतर प्रफुल एकटा येईनासा झाला. शिफ्ट सुटली की खाणीवरचे त्याचे सोबती यायचे. एकेक जण गाडीवरून फेऱ्या मारायचा आणि प्रफुल दारात मामांच्या बाजूला उभा राहून ओरडायचा, "अबे, बूट तोच आहे!" आमचे टॉवेल खरोखर काळे व्हायला लागले. मशीनवाली बाई कुरकुरायची. दीदी मात्र म्हणायच्या, काळे होऊ दे.

मग तो कूलरचा दिवस आला.

काउंटरजवळच्या मोठ्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या होत्या. मामा सकाळीच, कोणी नसताना, ते काम करत होते. मी लवकर पोचले. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. हातावर मनगटापासून वरपर्यंत पांढरे डाग होते. मोठे, नकाशावर देश असतात तसे, एकमेकांना चिकटलेले. कोड. गळ्याजवळचं बटणही उघडं होतं आणि तिथेही ते खाली खाली गेलेले दिसत होते.

मला पाहून मामांनी ओल्या हातांनीच बाह्या खाली ओढल्या. बटण लागेना. मी पुढे होऊन लावू का, असं मनात आलं, पण पाय हलले नाहीत.

"हे पसरत नाही मॅडम," ते घाईघाईने म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं आहे. हात लावल्यानं होत नाही."

"मले माहीत आहे मामा."

"तुम्हाले माहीत आहे. टेबलावर माझ्यामागून जो झोपेल, त्याले माहीत आहे का?"

ते वाळ्याची ताटी ठोकत राहिले. थोड्या वेळाने पाठमोरेच म्हणाले, "चार ठिकाणी बोलणं लावलं होतं माझं. लोकं यायचे, चहा प्यायचे, बाही वर करा म्हणायचे. मंग म्याच बंद केलं. बरं झालं, हळदीचा डाग नाही लागला शर्टाले." आणि हसले. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

त्या दिवशी दुपारी एक पोरगा आला. मामांनी त्याला तेच सगळं ऐकवलं. दाई, हळद, चार जण. 'मधल्या टायमाचं काय?' मी काउंटरवर बसून ऐकत होते. दाई कधीच झाली, हळद होणार नाही, आणि उरले ते चार जण. मला रडू आलं. मी कम्प्युटरमध्ये तोंड घातलं, तर पोरगा समजला मी त्याच्यासाठीच तसं केलं, आणि निवांत खुर्चीवर बसला.

प्रफुलच्या हळदीचं आमंत्रण घेऊन तो स्वतः आला. "मामा, तुम्हाले याच लागते. माह्या मायले भाऊ नाही. मले मामाच नाही." मामांनी पंपाची मोटर, पार्किंग, सगळं आठवून पाहिलं. पण हळद नेमकी आमच्या सुट्टीच्या दिवशी होती. मामा, रोशन आणि मी बसने सावनेरला गेलो. मामांनी नवा शर्ट शिवला होता. पांढरा, पूर्ण बाह्यांचा.

मांडवात नुसती धमाल चालू होती. प्रफुल पाटावर बसला होता आणि बायका आंब्याच्या पानांनी त्याला हळद लावत होत्या. पानं फक्त पहिल्या फेरीला. मग हात आले, मग वाट्या आल्या, मग त्याचे खाणीवरचे सोबती आले आणि प्रफुलचं नाक कुठे आणि कान कुठे हे कळेना. मी मामांना शोधलं. ते मांडवाच्या दाराशी उभे होते. मांडवाकडे पाठ, नजर रस्त्यावर. इथेही ड्यूटीवर!

"मामा!" प्रफुल पाटावरूनच ओरडला. "इकडे या ना!"

"नाही गा. शर्ट नवा आहे."

प्रफुल उठायला लागला. बायका ओरडल्या, "बस, बस, पाटावरून उठू नको रे!" तेव्हा त्याची आई उठली. ठेंगणीशी बाई, कपाळभर घाम, हातात हळदीची वाटी. ती सरळ मामांसमोर येऊन उभी राहिली.

"माहा पोरगा मामा म्हणते तुम्हाले. म्हणजे तुम्ही माहे भाऊच झाले. मामा कोरडा राहिला तर नवरदेवाले काय लागते हळद? बाह्या वर करा."

जवळपासच्या दोघी-तिघी थांबून बघत होत्या. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? मी मान वळवली आणि रस्त्याकडे बघायला लागले. तेवढंच मला त्यांच्याकडून शिकता आलं होतं.

पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. मामांचा हात मनगटाकडे गेला. एक बटण सुटलं. मग दुसऱ्या हाताचं. बाही वर गेली, आणखी वर गेली, आणि ते सगळे पांढरे देश उन्हात आले. प्रफुलच्या आईने पाहिलं. अगदी नीट पाहिलं. मग वाटीत हात बुडवत म्हणाली, "समोर करा ना भाऊ हात. हळद वाळून राहिली."

आणि मनगटापासून कोपरापर्यंत तिने हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा, मग दुसरा हात, मग गाल, मग कपाळ. माय लेकराला पुसते तशी, भराभर आणि दाबून.

मग पोरांनी धाव घेतली. खाणीवरची ती सगळी फौज, जिला मामांनी एकेकाला दार धरून आत पाठवलं होतं. शर्टाचं काय झालं ते मी पाहिलं नाही. तो नंतर मांडवाच्या खांबाला लटकलेला सापडला. मामा छातीपासून पाठीपर्यंत पिवळे झाले होते. डाग कुठला आणि कातडी कुठली, कोणाला सांगता आलं नसतं. सगळेच पिवळे होते, प्रफुल, पोरं, मामा, मध्ये सापडलेला रोशन.

"मामा!" प्रफुल पाटावरून गर्जला. "मधल्या टायमाचं झालं का नाही?"

मामा डोळे चोळत होते. "डोळ्यात हळद गेली गा," म्हणाले. दोन्ही डोळ्यांत गेली असावी, कारण बराच वेळ निघत नव्हती. मग त्यांनी वाटीतली उरलेली हळद उचलली आणि ते पोरांच्या मागे धावले. मामांना धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ते चांगले धावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कामावर आले ते पिवळेच. मानेवर, कानामागे, नखांत. रोशन त्यांच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "ही साबणानं जात नाही. तेल लावा लागते. चला आत."

मामा काउंटरपर्यंत आले आणि थांबले. कालचं सगळं अंगावर होतं, तरी थांबले. मला म्हणाले, "मांडवाची गोष्ट वेगळी होती मॅडम. इथं गिऱ्हाईक येते. माझ्यामागून जो झोपेल..."

"चादर धुवाले मशीन आहे," मी म्हणाले. "तुम्हाले धुवाले कोण आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचंच वाक्य त्यांना चांगलंच लागलं होतं. मग अगदी गंभीर चेहऱ्याने ते म्हणाले, "मी मित्रासाठी विचारून राहिलो."

मी काउंटरमागून उठले. आतल्या खोलीचं दार ओढून धरलं, त्यांच्याकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एकादशी शोधायला लागले. "मी तिकडे पाहून राहिले मामा. तुम्ही इकडून जाऊन घ्या."

मागे चपला काढल्याचा आवाज आला.

रोशनने त्यांच्यासाठी लाल-हिरवी चौकड्याची चादर अंथरली होती. थोड्या वेळाने आतून घोरण्याचा आवाज यायला लागला. बाहेर बसलेल्या एका नव्या पोराने घाबरून मला विचारलं, "मॅडम, हे आत काय होऊन राहिलं?" मी म्हटलं, "काही नाही. आमचे मामा झोपले." का कुणास ठाऊक, पण ते ऐकून त्याची भीती साफ गेली आणि त्याने सांगितलं की मित्र वगैरे कोणी नाही, त्यालाच पाठीचं करायचं आहे.

मामा बाहेर आले ते तेलाने चमकत. पहिलं विचारलं ते, "तो टी-शर्ट आहे का अजून?" मी खण उघडला. घडी तशीच होती. तो घालून ते दाराशी जाऊन उभे राहिले. मेडिकलवाले भाऊ बाहेर आले, पाहत राहिले आणि म्हणाले, "आज अर्धी बाही, मामा?"

"मंग काय!" मामा म्हणाले. "नागपूरच्या उन्हाळ्यात पूर्ण बाह्या कोण घालते?"

आता मामा आमच्याकडे नाहीत. दीदींनी शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसरी शाखा काढली आणि तिथे पोरं दारासमोरून नुसत्या फेऱ्या मारून परत जायला लागली, तेव्हा दीदींनी मामांना तिकडे नेलं. आमच्याकडचा नवा गार्ड सज्जन आहे, पण आलेल्या पोराकडे टक लावून बघतो. त्याला मी शिकवते आहे. त्याला जमेपर्यंत कधीकधी मीच उठते, दार धरते आणि पानठेल्याकडे बघते. पान कसं लावतात हे आता मला पाठ झालं आहे.

परवा काही कामाने त्या बाजूला गेले होते. रस्ता ओलांडायला थांबले आणि समोर मामा दिसले. निळा टी-शर्ट, दाराकडे पाठ, नजर कुठल्याशा रसवंतीवर. उजवा हात दार धरून लांब पसरलेला, उघडा, आणि त्याच्यावर दुपारचं ऊन पडलेलं. हातावरचे ते पांढरे देश मला रस्त्याच्या पलीकडूनही दिसत होते. दाराशी एक हेल्मेटवाला पोरगा अंग चोरून उभा होता.

हाक मारावी असं फार वाटलं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं, आणि पोरगा बिचकला असता. पोरगा त्या हाताखालून वाकून आत गेला.